हिवाळी बाग आणि मागे घेतलेले आभार

लेनिनग्राद, १६ नोव्हेंबर १९८६

प्रिय नोन्ना वहिनी,

मुरंब्याची बरणी पोचली. आमच्या सामायिक स्वयंपाकघरात ती ठेवायची सोय नाही, शेजारच्या बाईंचा चमचा फार लांबवर पोचतो. म्हणून रंगांच्या बाटल्यांमागे लपवली, आणि परवा घाईत कुंचला तिच्यातच बुडवला. आर्सेनीदादा असता तर आठवडाभर हसला असता.

आता कामाचं. प्रकाशनाने मला एक पुस्तक दिलं आहे. मजकूर माझा, चित्रंही माझीच. विषय हिवाळी बागा, म्हणजे बाहेर बर्फ आणि आत काचेखाली पाम, लिंबं, जास्वंद. गेले कित्येक महिने ग्रंथालयात बसून जुने नकाशे उलगडतोय, कादंबऱ्या चाळतोय, चित्रं बघतोय. आणि वहिनी, एक गोष्ट ध्यानात आली. कादंबरीकारांनी हिवाळी बागेत एकाही माणसाला सुखाने बसू दिलेलं नाही. पामचं झाड आलं रे आलं, की त्याच्या आड कुणी मागणी घालतं, कुणी दुसऱ्याचं गुपित ऐकतं, नाहीतर रुमाल काढून रडतं. चित्रकारांचं म्हणाल तर बाकावर एक गोरीपान बाई, हातात मिटलेला पंखा, आणि मागे जन्मात पाणी न मिळाल्यासारखी पानं. त्यातल्या त्यात वास्तुकार कामाचे. भिंतीत शेगड्या लपवायच्या, आणि छताचे खांब पामच्या बुंध्यासारखे रंगवायचे, म्हणजे पाहुण्यांना वाटावं की छत बागेनेच तोलून धरलंय.

पण हे सगळं सरदार-उमरावांचं. संपादकबाई म्हणतात, शेवटचं प्रकरण आजच्या बागेचं हवं. मला लगेच तुमची बाग आठवली, ताल्नोगोर्स्कच्या खाणकामगार संस्कृती भवनातली. दादा असताना मी एकदाच आलो होतो, सूर्य न उगवणाऱ्या दिवसांत. रस्त्यावर पापण्या गोठत होत्या, आणि तुमच्या दारातून आत पाऊल टाकलं तर ओल्या मातीचा वास. त्या वासावर मी पुढे कितीतरी चित्रं काढली. तेव्हा लिहा, तिथे काय काय आहे, कोण येतं, येऊन काय करतं. काहीही गाळू नका.

तुमचा,
ग्लेब


ताल्नोगोर्स्क, २८ नोव्हेंबर

ग्लेब भावोजी,

मुरंब्यात बुडवलेला कुंचला धुतलात की चाटलात, ते लिहिलं नाहीत.

पुस्तकात आमची बाग! इथे सांगितलं तर म्हणतील, बाईचं डोकं फिरलं. फक्त अग्लायाला सांगितलं. अग्लाया म्हणजे भवनाच्या दाराशी कोटघर सांभाळते ती. लोकांचे कोट घ्यायचे, बिल्ले द्यायचे, आणि कोण कुणाबरोबर आलं ते बघायचं, हे तिचं काम. ती म्हणाली, "पुस्तकात येणार? मग आधी ते मोडकं बाक दुरुस्त करून घे."

घ्या लिहून. पाम छताच्या काचेला टेकलाय. वेनियामिन साव्विच, आमचे संचालक, म्हणाले शेंडा छाटा. मी म्हटलं, आधी तुमचा छाटते, मग त्याचा. लिंबाला यंदा लिंबं लागलीत, नजर नको लागायला. जास्वंद दिव्याखाली फुलते. तिला सूर्य असला काय नि नसला काय, लबाड आहे मेली.

तुमच्या त्या पंखेवाल्या बायका इथे नाहीत. इथे पाळी संपवून खाणीतली माणसं येतात, डोळ्यांच्या कडांना काळं तसंच, आणि फिकसच्या झाडाखाली बसतात. बसतात म्हणजे बसतातच. बोलत नाहीत, एखादा घोरतो. सूर्य दिसेनासा झाला की माणसाला काहीतरी हिरवं बघायला लागतं भावोजी, नाहीतर तो घरी जाऊन बायकोवर खेकसतो. मागणीही घातली गेली मागच्या वर्षी, अगदी तुमच्या कादंबरीतल्यासारखी, पामच्या आड. मुलगी म्हणाली, "आधी खोली मिळाल्याचा कागद दाखव." त्याने खिशातून काढून दाखवला. आता मूल आहे त्यांना.

माझं विचाराल, तर वोरोनेझहून बहिणीचा एकच धोशा. पेन्शन झाली, आर्सेनी गेला, आता त्या बर्फात तुझं काय ठेवलंय, ये इकडे, माझ्या खोलीत तुझी खाट मांडते. तिचंही चूक नाही, म्हातारपणी सगळेच इथून दक्षिणेला जातात. मी तिला दरवेळी एकच लिहिते, बाग आहे. बाग आहे तोवर माझा पाय निघत नाही. बाग नसती तर तिच्या सुनेच्या हातचं खात, तिची बोलणी ऐकत खिडकीशी बसले असते. नको गं बाई!

नोन्ना


लेनिनग्राद, ११ डिसेंबर

वहिनी,

प्रकरण झालं! नक्कल सोबत आहे. खोलीच्या कागदाची गोष्ट वाचून संपादकबाई इतक्या हसल्या की त्यांचा चहा माझ्या नकाशावर सांडला. शेवटचं चित्र असं योजलंय: नव्या वर्षाचा पहिला दिवस, बाहेर काळोख, आत दिव्याखाली फुललेली जास्वंद. तुम्ही त्या दिवशी बागेत जालच. नीट बघून लिहा, दिव्याच्या उजेडात तो लाल नेमका कसा दिसतो. विटेकडे झुकतो की वाइनकडे? तेवढ्यासाठी चित्र अडलंय.

ग्लेब


ताल्नोगोर्स्क, ८ जानेवारी १९८७

भावोजी,

नवं वर्ष सुखाचं जावो. प्रकरण वाचलं. छान आहे. जास्वंद लाल असते. पाम आहे तिथेच आहे. थंडी खूप. गुडघा दुखतो.

नोन्ना


लेनिनग्राद, १७ जानेवारी

वहिनी,

"जास्वंद लाल असते"! हे वाक्य मी शेजारच्या बाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमची वहिनी रागावली आहे.

खरंच आहे. तुमच्या पत्रात एकही टोमणा नाही, असं आजवर झालेलं नाही. का रागावलात ते मी शोधून काढलंय. तिसऱ्या पानावर मी तुम्हाला "साधीभोळी माळीणबाई" म्हटलं आहे. वहिनी, तुम्ही साध्या नाही आणि भोळ्या तर मुळीच नाही, हे दादा मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगत होता. ते शब्द खोडले. त्या जागी "करारी" घालू का? की "ज्यांच्यापुढे संचालकांचीही बोलती बंद होते अशा"? सांगाल ते घालतो, पण असं तुटक लिहू नका.

तुमचा अपराधी,
ग्लेब


ताल्नोगोर्स्क, २५ जानेवारी

भावोजी,

"साधीभोळी"बद्दल तुमच्याकडे नंतर बघते. राग त्याचा नाही.

बाग मेली.

एकतीस तारखेला दुपारीच भवन बंद झालं. सगळे आपापल्या घरी, मेजं मांडलेली, पाहुणे आलेले. बॉयलरघराचा मोठा नळ फुटला, भवन गारठलं, आणि कुणाला पत्ता नाही. कुणाला दोष द्यायचा? लोखंडच ते, इतक्या थंडीत फुटायचंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तुमचा लाल बघायला. दार उघडलं तर पानं होती तशी हिरवीगार, नुसती चकाकत होती. मला वाटलं, वाचली. हात लावला तर काडकन मोडली. मग नळ दुरुस्त झाला, ऊब आली, आणि सगळं काळं पडून गळायला लागलं, शिजवलेल्या पालकासारखं. मी बादल्या भरभरून बाहेर नेलं. पाम उभा आहे, पण आतून सडलाय. म्हणून लिहिलं, आहे तिथेच आहे. खोटं एक अक्षर लिहिलं नाही मी. जास्वंदही लालच असते.

रडले. तुमच्यापासून काय लपवायचं? आर्सेनी गेला तेव्हा घरात माणसं होती, मोठ्याने रडायची लाज वाटली. इथे कुणी नव्हतं, मनसोक्त रडले.

तुम्हाला कळवलं नाही, कारण त्याच आठवड्यात तुमचं प्रकरण परत काढून वाचलं. इतकं जिवंत लिहिलंत की वाटलं, कागदावर तरी राहू दे.

आता पुढचं ऐका. वेनियामिन साव्विच माणूस वाईट नाही. ते म्हणतात, तरुण पोरं चौकात उभी राहून दारू पितात, त्यांना नाचायला जागा नाही, काचेचा हॉल तर आयता मोकळा झालाय, तिथे डिस्को करू. कामगार संघटनेची समिती महिला दिनाच्या आधी, सहा मार्चला पाहणीला येणार. तोवर हॉल हिरवा दिसला तर बाग, नाही दिसला तर डिस्को. मी म्हटलं, हिरवा कुठून करू? हिरवा रंग देऊ भिंतींना? वरच्या कचेरीत रोपं मागितली तर म्हणाले, जूनमध्ये या. जूनमध्ये त्या हॉलमध्ये पोरं उड्या मारत असतील.

बहिणीला अजून काही लिहिलं नाही. ट्रंक मात्र माळ्यावरून काढली आहे.

नोन्ना


लेनिनग्राद, ३१ जानेवारी

वहिनी,

ट्रंक परत माळ्यावर टाका! सहा मार्च अजून लांब आहे.

वनस्पती उद्यानात माझा एक शाळासोबती आहे, त्याच्याकडे धावलो. तो म्हणतो, या दिवसांत मालगाडीतून रोपं पाठवणं म्हणजे पेटीत बर्फ भरून पाठवणं. मग घरी येऊन मी तुमच्या बागेचा नकाशा आठवून काढला, कुठे काय होतं ते. सोबत पाठवतोय. काही उपयोगाचा नाही, मला कळतंय. मी आयुष्यभर झाडं काढली, वहिनी, पण पाळलं एकही नाही, त्यामुळे याहून दुसरं काही सुचत नाही.

प्रकरण मागे घ्यावं म्हणतोय. मेलेल्या बागेवर छान छान कसं छापू? पण संपादकबाईंना अजून बोललो नाही. सहा तारखेपर्यंत बोलणार नाही.

ग्लेब


ताल्नोगोर्स्क, ९ फेब्रुवारी

भावोजी,

बसून वाचा.

मंगळवारी सकाळी बागेच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुंडी. उघडली तर जास्वंद! चांगली कंबरेएवढी, दोन कळ्या धरलेली. नाव नाही, गाव नाही. मी तशीच ती उचलून कोटघरात गेले.

"अग्लाया, ही कुणाची?"

"तुझीच."

"माझी कशी? माझी मेली."

"तुझ्याच जास्वंदीची फांदी आहे ती. टेलिफोनवाली तमिला घेऊन गेली होती, कोटाच्या आत घालून. माझ्याच हातून कोट जातात ना? येताना माणूस सपाट असतो नि जाताना फुगलेला. तुला काय वाटलं, लोक नुसते बसायला यायचे?"

"आणि तू मला इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू भवन डोक्यावर घेतलं असतंस. मग आज ही कुठून आली असती?"

"मागितली असती तर मी दिली नसती का?"

"मागून आणलेलं झाड लागतं होय कुठे? चोरलेलंच लागतं. आईने शिकवलं नाही वाटतं तुला."

आधी भडकले. मग हसायलाच आलं, थांबेना. म्हणजे ही फिकसखाली गप्प बसून राहणारी माणसं खिशात कात्री घेऊन बसायची! भावोजी, आता रोज येतंय काहीतरी. येगोर कुझ्मिच, खाणीत ड्रिल चालवतो तो, फर-कोटाच्या आत छातीशी धरून लिंबाचं झाड घेऊन आला. बाहेर उणे तीस, आणि झाडाला घाम! पाववाली फारिदा कोरफड घेऊन आली, तिची पिल्लं सगळ्या गल्लीत वाटली आहेत म्हणे. फिकस आलाय, बेगोनिया आलेत, पामचंसुद्धा एक पिल्लू आलंय. शंभर मागण्या करून कचेरीकडून मिळालं नसतं ते. तुमचा नकाशा भिंतीवर टांगलाय आणि त्याबरहुकूम मांडतेय, तेव्हा उपयोगाचा नाही असं म्हणू नका.

मी कुणाला काही बोलले नाही. "ठेव तिथे" एवढंच. झाड घेताना आभार मानले की झाड मरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हा लेनिनग्रादवाल्यांना थोतांड वाटेल, पण तोंडाशी आलेलं गिळताना माझ्या घशात दुखतं हो.

नोन्ना


लेनिनग्राद, १५ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी!

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन शेजारच्या बाईंना मिठी मारली. मुरंबाही दिला. आता त्यांना बरणीची जागा कळली, पण जाऊ दे.

इतके दिवस मी खांब मोजत बसलो होतो, काचा, कमानी, लपवलेल्या शेगड्या. आणि तुमची बाग खरी होती कुठे? गावाच्या खिडक्यांत! संस्कृती भवनात ती फक्त सगळ्यांना भेटायला यायची. हे वाक्य प्रकरणात घालणार, कुणी अडवलं तरी.

आणि एक छोटीशी गंमत करून ठेवली आहे. तुम्हाला बोलता येत नाही, घशात दुखतं, मला बघवेना. म्हणून तुमच्या वतीने मी बोललो. शुक्रवारचा तुमचा "खाणीचा आवाज" उघडा, पहिलंच पान. संपादकांना तारेने मजकूर पाठवलाय, त्यांनी लगेच होकार दिला. नावानिशी लिहिलंय, सगळ्यांना कसं बरं वाटेल!

आनंदात,
ग्लेब


ताल्नोगोर्स्क, २१ फेब्रुवारी

ग्लेब भावोजी,

कोपरापासून हात जोडते तुमच्यापुढे! हे काय करून ठेवलंत?

"ताल्नोगोर्स्कच्या हिवाळी बागेला उदारपणे रोपे देणारे नागरिक येगोर कुझ्मिच, तमिला, फारिदा यांचे अंतःकरणपूर्वक, शतशः आभार." शतशः! एकदा म्हटलं तर झाड मरतं, तुम्ही शंभरदा म्हणालात, आणि तेही पहिल्या पानावर, नावं घालून! शत्रूनेसुद्धा असा दावा साधला नसता.

काल सकाळी भवन उघडायच्या आधी दारात ही रांग. सगळ्यात पुढे फारिदा, सोबत घसरगाडी आणि दोन गोधड्या.

"नोन्ना येफिमोव्ना, तुझ्यावर राग नाही. पण कोरफड मी घेऊन जाते. घरी ओव्याचा धूर देते, बघते वाचते का."

"अगं, कागदावरचं ते. झाडाला वाचता येतं का?"

"तुला खात्री आहे?"

काय सांगू? मलाच खात्री नाही. मीच गोधडी पुढे केली. तमिलाने जास्वंद नेली. ज्यांची नावं छापली नव्हती तेही घाबरले, आज ना उद्या आपलंही छापतील म्हणून. येगोर कुझ्मिचचं तर विचारूच नका. ते लिंबू त्याचं नव्हतंच, सासूचं होतं. सासूला सांगितलं होतं, थंडीने गेलं, फेकून दिलं. तिने पेपरात वाचलं. तो लिंबू परत न्यायच्या आधीच सासू येऊन थडकली, हातात लाटणं. बिचारा ड्रिलवाला माणूस कोटघरात अग्लायाच्या कोटांमागे लपला होता.

आता हॉलमध्ये आहे एक मोडकं बाक, सडका पाम आणि तुमचा नकाशा. संचालक येऊन बघून गेले. हळूच भिंती मोजत होते, बहुधा स्पीकर कुठे लावायचे म्हणून. मला त्यांचाही राग आला नाही. थकले हो मी. एकदा मेलेली बाग पुन्हा उभी राहिली ती आपल्याच माणसाच्या हौसेपायी गेली.

तुम्ही चांगल्या मनाने केलंत, तेही कळतं. म्हणून जास्त बोलता येत नाही, त्याचाच राग येतो. ट्रंक भरायला घेतली आहे.

नोन्ना


लेनिनग्राद, २६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "ग्लेब रोदिओनोविच, तुम्ही पन्नाशी उलटलेले गृहस्थ, झाडाचे आभार मानलेत? तुम्हाला आई होती ना?" म्हणजे हे लेनिनग्रादमध्येही सगळ्यांना ठाऊक आहे, मी सोडून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

मी "खाणीच्या आवाजा"ला ट्रंक कॉल लावला. म्हटलं, आभार मागे घेतल्याचं छापा. संपादक म्हणाले, आभार मागे घ्यायची पद्धत नाही, पण टीकेचं पत्र असेल तर छापू, वरून आदेशच आहेत हल्ली टीका छापायचे. मग मी टीकाच केली. फोनवरच सांगितली, ते लिहून घेत होते आणि मध्ये मध्ये हसत होते. उद्याच्या अंकात येईल. नक्कल पाठवतो:

"मागील अंकात छापलेले आभार मी पूर्णपणे मागे घेतो. त्या वेळी मला पुरती माहिती नव्हती. आता कळले की, ज्यांना रोपे म्हटले होते ती रोपे नव्हेत. त्यातली कोरफड म्हणजे वाळकी मिरची. जास्वंद अशी की बकरीही तोंड फिरवील. लिंबाचे झाड तर झाडूला पाने चिकटवून केलेले दिसते. असला कचरा माझ्या वहिनीच्या गळ्यात मारणाऱ्या ताल्नोगोर्स्कच्या लोकांना झाडे वाढवता येत नाहीत, हे मी जाहीरपणे नोंदवतो. ग्लेब रोदिओनोविच, लेनिनग्राद."

वहिनी, यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास नाही. पण बाग तुमच्या हातून गेली ती माझ्यामुळे, आणि मला चार ओळी लिहिण्यापलीकडे काही येत नाही. शिव्या खायला मी तयार आहे. हवं तर ट्रंक उघडून ठेवा, बंद करू नका.

ग्लेब


ताल्नोगोर्स्क, ९ मार्च

भावोजी,

तुम्ही इथे आलात तर आधी मला कळवा. स्टेशनवर घ्यायला येते, एकटे फिरू नका. फारिदा तुम्हाला शोधतेय.

सत्तावीस तारखेला पेपर आला आणि दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नाही. बेकरीत फारिदा गिऱ्हाइकांना पाव देताना नुसती आदळत होती. "वाळकी मिरची? माझी कोरफड? त्या लेनिनग्रादच्या बोरूबहाद्दराच्या सात पिढ्यांनी अशी कोरफड बघितली नसेल!" तमिला टेलिफोनवर लोकांचे कॉल जोडताना मध्येच सांगायची, ऐकलंत का, बकरी म्हणाला! आणि येगोरची सासू, जिने झाडापायी जावयाला घराबाहेर काढलं होतं, तीच त्याचा हात धरून भवनात आली, लिंबाची कुंडी छातीशी. "झाडू म्हणतो? येऊन बघ म्हणावं झाडू."

पण स्वतःच्या हाताने द्यायला कुणी धजेना. आभाराचा डाग लागलेली झाडं ती, देणाऱ्याने परत दिली तर लागायची कशी? तोड काढली अग्लायाने. ती म्हणाली, कोट माझ्याकडे ठेवता ना? तशीच कुंडी ठेवा, आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहा. एक जण ठेवायचा, दुसरा येऊन गुपचूप उचलायचा आणि जिना चढून पळायचा. प्रत्येकाने दुसऱ्याचं चोरलं! जिन्यावर माणसं धावतायत, कोटात कुंड्या, हसून हसून दम लागलेला, आणि मी वर नकाशासमोर उभी, "ठेव तिथे, ठेव तिथे" ओरडत. ज्यांनी आधी काही दिलं नव्हतं तेही घेऊन आले, तुमच्यावरच्या रागापायी. पहिल्या खेपेपेक्षा दुप्पट झाडं आहेत आता. फारिदाने कोरफडीचा आजाच आणलाय, दोन माणसांनी उचलून.

सहा तारखेला समिती आली. अध्यक्ष जाडेजुडे गृहस्थ, थंडीत तडकलेल्या काचेला प्लायवूड कुठे लावलंय ते आधी बघितलं, मग टोपी काढली, मग मफलर. मग फिकसखाली बसले. बसले म्हणजे बसलेच. आम्ही सगळे कडेने उभे. तेवढ्यात आमचे वेनियामिन साव्विच पुढे झाले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "साथींनो, या प्रसंगी, ज्या नागरिकांनी ही झाडं आणून दिली त्यांचे मी भवनाच्या वतीने मनःपूर्वक आ..."

पण येगोरच्या सासूने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग फारिदाने, मग अख्ख्या हॉलने. अशा टाळ्या की काचा थरथरल्या. संचालक तोंड उघडायचे, टाळ्या वाढायच्या. ते मिटायचे, कमी व्हायच्या. शेवटी बिचाऱ्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांना वाटलं, टाळ्या आपल्यासाठीच आहेत. ते उठले, लाजले, आणि म्हणाले, "बरं बरं, बाग राहील. डिस्को खालच्या दालनात करा." झालं!

मी खाली कोटघरात जाऊन अग्लायाच्या गळ्यात पडले. दोघी रडलो. काही बोललो नाही.

बहिणीला लिहिलं, खाट मोडून टाक, उन्हाळ्यात पाहुणी म्हणून येईन आणि सुनेच्या हातचं खाऊन परत जाईन. ट्रंकेत आता खताची पोती ठेवलीत.

तुमचा राग होता, तो गेला. परत येईल, तुम्ही आहातच. प्रकरण मागे घेऊ नका, पुन्हा लिहा. बाग गोठली ते लिहा, मी बादल्या भरून नेल्या ते लिहा, सासूचं लाटणं घाला. जास्वंदीचा लाल विटेकडे झुकतो, वाइनकडे नाही. मी काल दिव्याखाली नीट बघितलाय. फक्त कुणाचं नाव घालू नका, माझंसुद्धा नको.

आणि तुमच्या पुस्तकांच्या सुरुवातीला आभाराचं एक पान असतं ना, ते कोरं सोडा.

तुमची वहिनी,
नोन्ना